माझ्या नावाने खेळलेली कमळ

कमळ भोये जिना उलटी उतरायची. तोंड वरच्या दाराकडे, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात चपला, आणि मागे न बघता एकेक पायरी पायाने चाचपत ती खाली जायची. अंबडच्या औद्योगिक वसाहतीमागच्या एका चाळीत वरच्या मजल्यावर तिची खोली होती. तिला भेटून मी निघाले की ती मला सोडायला खालपर्यंत यायचीच. पुढे ती आणि मागे मी, त्यामुळे जिनाभर आमची तोंडं समोरासमोर असायची आणि गप्पा चालू राहायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी घाबरून तिचा दंड धरला. तिने तो झटकला. म्हणाली, "सोड गं. मला पडायचं असतं तर कोर्टवरच पडले असते." गुडघे गेलेल्या माणसाला सरळ उतरण्यापेक्षा असं उतरणं सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं. कमळ त्या वेळी चाळिशीचीही नव्हती.

ही बाई एके काळी नाशिकच्या कॉलेजांमधली सगळ्यात चांगली बास्केटबॉल खेळाडू होती, असं त्या चाळीत सांगितलं असतं तर लोक हसले असते. दाखवायला तसा कागदही नव्हता. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं प्रमाणपत्र माझ्या नावाचं आहे. तेच दाखवून मला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली, आणि ती मी अजून करते आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कमळचं कौतुक करायला लागेन तेव्हा ते कोणाच्या तोंडून येतंय हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आमचं कॉलेज गंगापूर रोडच्या बाजूला होतं आणि घरही तिथून चालत दहा मिनिटांवर. वडिलांनी निफाडकडची द्राक्षबाग काकांवर सोपवून शहरात बंगला बांधला होता. मी बास्केटबॉल खेळायला लागले ते उंच होते म्हणून नाही, तर वजन कमी व्हावं म्हणून. आईचीच कल्पना होती ती. कमळ आली सुरगाण्याहून, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायला. पाच फूट दहा इंच उंची, खांदे पुढे झुकलेले, आणि कोणी बोललं तर आधी त्याच्या पायांकडे बघायची सवय. आमच्या क्रीडा विभागाच्या सरांनी तिला प्रवेशाच्या रांगेतच हेरलं. रांगेतून बाहेर काढून ते तिला थेट मैदानावर घेऊन आले, आणि त्यामुळे तिचा रांगेतला नंबर गेला. ही गोष्ट ती सरांना दोन वर्षं ऐकवत होती.

ती लाजाळू असेल असं आम्हाला वाटलं होतं. पंधरा दिवसांत तो समज गेला. कमळ तोंडाने फटकळ होती आणि मैदानावर तर विचारूच नका. पास चुकला की ती थांबून कमरेवर हात ठेवायची आणि सगळ्यांसमोर विचारायची, "तुला दिसत नाय का मी दिसत नाय?" राग फारच वाढला की तिच्या कोकणीत, म्हणजे सुरगाण्याकडच्या आदिवासी बोलीत, शिव्या द्यायची. आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही, पण सूर नीट कळायचा. मला ती नावाने कधी हाक मारत नसे. मी तिच्या लेखी 'बंगला' होते. "ए बंगला, उडी मार. जमीन काय तुझ्या बापाची नाय, सोडली तरी चालंल."

खेळायची मात्र अशी की आम्ही आमचा खेळ सोडून बघत बसायचो. बास्केटखाली चारपाच जणींच्या गर्दीत ती उभी राहायची, आणि रिंगवर आपटून येणारा चेंडू कुठे पडणार हे तिला इतरांच्या आधी कळायचं. बाकीच्या वर बघायच्या. ती बघायची नाही, जागा धरायची. मी एकदा विचारलं, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "मारणारीच्या मनगटाकडं बघायचं. बॉलकडं काय बघायचं, तो खोटं बोलतो." हे मी पुढे घरी करून पाहिलं, ऑफिसात करून पाहिलं, बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलीवर करून पाहिलं. मला काही कळलं नाही. तिचं दुसरं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी नवीन मुलगी रिबाउंडला मागे राहिली की म्हणायची, "बॉल कोणाच्या नावाचा नसतो. उडी मारील तिचा."

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर कमळ दिसेनाशी झाली. दर वर्षी भात, नागलीचं काम आटपलं की तिच्या घरचे दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला उतरायचे. त्या वर्षी तिची आई आजारी होती आणि टोळीत एक माणूस कमी पडत होतं, म्हणून आईच्या जागी कमळ गेली. कोणाला सांगावं, अर्ज करावा, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कामाला जायचं तर त्यात सांगायचं काय. आमच्याही बागेत अशाच टोळ्या यायच्या, पण ती माणसं वर्षभर कुठे असतात आणि काय करतात हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. दीड महिन्याने ती परत आली तेव्हा तिने परीक्षेचा फॉर्म भरलेला नव्हता, हजेरी नव्हती आणि कॉलेजच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलेलं होतं.

त्याच सुमारास आंतरविद्यापीठ स्पर्धेचा संघ निवडला गेला आणि त्याचे प्रशिक्षक आमचे सरच होते. बारावी खेळाडू म्हणून त्यांनी माझं नाव घातलं. मला तर आनंदाने काही सुचेना. माझ्यापेक्षा बऱ्या चार मुली तरी होत्या, पण आनंदात असले हिशेब कोण करतं. दोन दिवसांनी सरांनी मला आणि कमळला क्रीडा विभागाच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते सगळ्यांना जर्सीच्या नंबरानेच हाक मारत. मला म्हणाले, "अकरा, फॉर्मवर नाव तुझं राहील. फोटो हिचा लागेल. तू मॅनेजरबाईंच्या मदतीला म्हणून ये. पुढच्या वर्षी हिला हिच्याच नावाने खेळवतो, माझा शब्द आहे." आणि वर म्हणाले, "प्रमाणपत्र तुलाच मिळेल, तुझंही काही जात नाही." त्यांच्या हिशेबाने सगळ्यांचाच फायदा होता. मी कमळकडे बघितलं. ती म्हणाली, "मला खेळायला मिळतंय ना? मंग काय पण म्हणा मला." मी तिच्याआधी मान हलवली होती.

दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासात तिने एकच काम केलं. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर माझी सही गिरवत बसली. उतरायच्या वेळेपर्यंत ती माझी सही माझ्यापेक्षा चांगली करायला लागली होती. वडिलांचं नाव, जन्मतारीख, बारावीचे टक्के, सगळं पाठ. टक्के ऐकल्यावर मात्र म्हणाली, "एवढेच? मला वाटलं बंगल्यातली पोरं हुशार असतात."

उत्तरेतल्या त्या गावात कडाक्याची थंडी होती आणि कोर्ट उघड्यावर, सिमेंटचं. कमळ त्या आठवड्यात जे खेळली ते मला सांगता येणार नाही असं लिहायचा मोह होतो, पण तसं नाही, मला ते मिनिटामिनिटाने सांगता येतं. मला दुसरं काही कामच नव्हतं. बाटल्या भरायच्या, टॉवेल द्यायचे आणि बघायचं. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात आम्ही मागे होतो. समोरच्या संघातल्या एका दांडग्या मुलीचं कोपर कमळच्या ओठावर बसलं आणि रक्त आलं म्हणून पंचांनी तिला बाहेर पाठवलं. मी कापूस दाबून धरला. ती कापसाआडून म्हणाली, "तुझे चार फाऊल झालेत. पाचवा केला तर तुला बाहेर काढतील, मला नाय." आणि हसली. मग उठून आत गेली आणि उरलेल्या वेळात तिने एकही फाऊल न करता सामना फिरवला. प्रत्येक बास्केटनंतर भोंग्यावरून माझं नाव पुकारलं जात होतं. अनोळखी माणसं माझ्या नावाने टाळ्या वाजवत होती. मी बाटल्यांच्या खोक्यावर बसून त्या ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मला छान वाटत होतं.

नाशिकच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात माझं नाव ठळक टाईपात. वडिलांनी कात्रण फ्रेम करून घेतलं. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. संघातल्या मुलींना घरी बोलावून त्यांनी पेढे वाटले आणि कमळ आली तेव्हा तिची उंची बघून कौतुकाने विचारलं, "तूही खेळतेस का गं? हिच्याकडून शिकून घे." मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. कमळ शांतपणे म्हणाली, "शिकतेय ना काका." आणि तिने चार पेढे खाल्ले. ओठावरची खपली अजून गेली नव्हती, त्यामुळे ती तोंडाच्या एका बाजूने चावत होती. फाटकापाशी मला म्हणाली, "पेढे चांगले होते. पुढच्या वर्षी माझ्या नावाला पण हेच आणायचे."

पुढचं वर्ष आलंच नाही. त्याच उन्हाळ्यात सरावात ती उडी मारून उतरली आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला मुडपला. आवाज मला अर्ध्या कोर्टावरून ऐकू आला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, घरच्यांनी गावाकडे नेऊन पाला बांधला. चार महिन्यांनी ती चालायला लागली, वर्षाने पळायलाही लागली, पण उडी गेली. एका पायावर भार टाकून टाकून मग दुसराही गुडघा गेला. सरांची बदली झाली आणि पुढे काही वर्षांनी ते वारले. कमळचं शिक्षण अर्धवटच राहिलं.

मला मात्र पदवी झाल्याबरोबर नोकरी लागली. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, कोणत्या जागेवर खेळायचात? मी म्हटलं, पिव्होट, म्हणजे बास्केटखालची, संघातल्या सगळ्यात उंच मुलीची जागा. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. साहेबांना बास्केटबॉल कळत नव्हता म्हणून मी आज खुर्चीत बसले आहे.

कमळने लग्न केलं आणि दोन वर्षांत परत आली. त्याबद्दल ती एवढंच सांगायची, "तो बसून खायचा. मला बसायची सवय नाय." मग अंबडला एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागली. गाड्यांचे छोटे भाग तपासून खोक्यात भरायचे, आठ तास उभ्याने. उभं राहवेना म्हणून तिने गोळ्या सुरू केल्या. औषधाच्या दुकानातून नुसतं नाव सांगून आणायच्या आणि सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर घ्यायच्या. "कामाच्या गोळ्या" म्हणायची त्यांना. मी बजावलं होतं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. माझं बजावणं हे असंच, बोलले की माझं काम संपलं.

रविवारी सकाळी ती अंबडमधल्या एका शाळेच्या मैदानावर कामगारांच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायची. मी दोनतीनदा बघायला गेले. ती खुर्चीवर बसून शिकवायची आणि तिथूनच ओरडायची, पण मुली तिला घाबरत नव्हत्या. बुटक्या, घाबरट मुलींना ती रिबाउंड घ्यायला शिकवत होती. जागा धर, पाय रुंद कर, मनगटाकडे बघ. तिच्या हाताखालच्या मुलींनी उंच मुलींच्या संघांना हरवलेलं मी पाहिलं आहे. खेळाडू म्हणून ती मोठी होतीच, पण मला वाटतं तिचं खरं काम हे होतं.

म्हणून आश्रमशाळांवर मानधनाने क्रीडा प्रशिक्षक घेणार अशी जाहिरात आली तेव्हा ती दोन बस बदलून माझ्या घरी आली. माझ्या घरी ती सहसा येत नसे. सोफ्याच्या कडेवर बसली आणि जाहिरातीचा कागद तिने टीपॉयवर उलगडून ठेवला. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक असेल तर शिक्षणाची अट थोडी सैल होणार होती. "सर गेले," ती म्हणाली. "बाकीच्या पोरी कुठं कुठं गेल्या. आता तूच हायेस. लिहून दे की त्या वेळी मी खेळले. बाकी काय मागत नाय." माझा नवरा आतल्या खोलीत टीव्ही बघत होता. त्यालाही हे माहीत नव्हतं. मी हलक्या आवाजात म्हटलं, "अगं, मी लिहून दिलं तर माझी नोकरी जाईल. खोट्या प्रमाणपत्रावर लागले असं होईल." ती म्हणाली, "ते मला कळतंय. म्हणून तर इतकी वर्षं आले नाय." मग म्हणाली, "मला सुरगाण्याला जाऊन शिकवायचंय. तिथल्या पोरींना कोण विचारत नाय." मी म्हटलं, "बघते."

अर्जाची मुदत आठ दिवस होती. आठ दिवस मी तिचा फोन उचलला नाही. त्या वर्षी माझी बढती व्हायची होती, मुलीची बारावी होती, घराचं काम निघालं होतं. कारणं सगळी खरी होती. महिन्याने मी तिच्या खोलीवर गेले ते गुडघ्यांना बांधायचे दोन भारी पट्टे घेऊन. तिने ते तिथेच बांधून पाहिले, उभी राहिली, दोन पावलं टाकली. "साइज बरोबर हाय," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मला वाटलं, मिटलं. जिना उतरताना मात्र अर्ध्यावर थांबली आणि खालून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू नाय म्हणाली असतीस तर मी भांडले असते आणि विसरले असते. तू बघते म्हणालीस. मी आठ दिवस फोन बघत बसले." त्यानंतर सहा महिने आम्ही बोललो नाही. बोलायला सुरुवात तिनेच केली, दिवाळीत, जणू काही झालंच नव्हतं. त्याची मला जास्त लाज वाटली.

गेल्या वर्षी तिचे पाय सुजले. गुडघ्यांमुळे असेल म्हणून तिने दोन गोळ्या वाढवल्या. शेवटी कारखान्यात चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. एवढी वर्षं या गोळ्या कोणी लिहून दिल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, "कोणी नाय. मी माझ्याच नावाने घेतल्या." डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. सुरगाण्याहून तिची आई आली आणि वॉर्डात खाटेखाली चटई टाकून राहिली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी ऑफिस सुटल्यावर जायचे आणि तिच्या उशाशी बसायचे. एका संध्याकाळी मी न राहवून म्हटलं, "कमळ, मी लिहून देते."

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "नोकरी-बिकरी मला आता नको. पण त्या कागदावर माझं नाव पायजे. आणि देणार असशील तर मी असताना दे. नंतर दिलंस तर लोक म्हणतील मेलेलीची कीव केली."

मी घरी बसून पत्र लिहिलं, क्रीडा कार्यालयाच्या नावाने. दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं, 'सदर स्पर्धेत कमळ भोये या माझ्या जागी खेळल्या.' तिने हात वर केला. "तुझ्या जागी नाय. तुझी जागा बाटल्यांपाशी होती. माझ्या जागी मीच होते. नाव तेवढं तुझं होतं. तसं लिही." मी तिथेच बसून पुन्हा लिहिलं. तिने दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचत असताना तिने डोळे मिटले होते, झोपली असं वाटून मी थांबले तर म्हणाली, "वाच. भोये नीट म्हण." तिची आई चटईवर बसून आमच्या दोघींकडे बघत होती.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून क्रीडा कार्यालयात गेले. आवक-जावकच्या टेबलावर एक भला माणूस होता. पत्र न वाचताच त्याने विचारलं, "पोच पाहिजे का मॅडम? मग दुसरी प्रत लागेल, तिच्यावर शिक्का मारून देतो. समोरच झेरॉक्स आहे." मी समोर गेले. झेरॉक्स काढली. मशीनमधून गरम कागद बाहेर आला आणि त्यावर माझी सही दिसली. दुकानाबाहेर उभी राहून मी दोन्ही कागद पुन्हा वाचले. नोकरीची माझी चार वर्षं उरली आहेत, मग पेन्शन. नवऱ्याला आधी सांगायला हवं, असं मनात आलं. वकिलाचा सल्ला घ्यावा, असंही आलं. रस्ता ओलांडायला मला दहा पावलं टाकायची होती. मी रिक्षाला हात केला आणि ऑफिसला गेले. रजा अर्ध्याच दिवसाची होती.

संध्याकाळी कमळने विचारलं, "दिलंस?" मी म्हटलं, "दिलं." ती एवढंच म्हणाली, "बरं झालं." आणि माझा हात धरून ठेवला. तिचा हात केवढा मोठा होता हे मी विसरले होते. त्यानंतरच्या शनिवारी पहाटे ती गेली.

तिला गावी नेलं. मी दहाव्याला गेले, सुरगाण्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर. उतारावर शेवटचं घर त्यांचं. लोक पांगल्यावर तिच्या आईने मला ओट्यावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या दिला. म्हातारी कमळसारखीच उंच, आता वाकलेली. म्हणाली, "मी माझ्या कमळला खेळताना कधी पाहिलं नाय. कशी खेळायची ती?" मी सगळं सांगितलं. गर्दीत जागा कशी धरायची, मनगटाकडे कशी बघायची, ओठ फुटला तरी आत कशी गेली. भोंग्यावरून पुकारलेलं नाव कोणाचं होतं तेही सांगितलं. हे मी तोंडाने कोणाला तरी पहिल्यांदाच सांगत होते. म्हातारी मान हलवत ऐकत होती. "ती बोलली होती," ती म्हणाली. "माझ्या नावाचा कागद बनवलाय, बाईने तो हाफिसात दिला आहा, असं बोलली. हाफिसाने दिला का तो? आणलास?"

मी पर्स उघडली. दोन्ही प्रती होत्या तशा होत्या, शिक्क्याशिवाय. त्यातली एक मी तिच्या हातात दिली. "हो," मी म्हटलं, "हाच तो." तिने कागद दोन्ही हातांनी धरला, वरून खाली हात फिरवला आणि विचारलं, "हिचं नाव कुठं आहा?" मी बोट ठेवून दाखवलं. त्या जागेवर तिने बराच वेळ बोट ठेवलं. हॉस्पिटलच्या कागदांवर तिने अंगठा दिला तेव्हा मी शेजारीच उभी होते. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं.